हिरव्या कणांचे मातृकुळ

गुलबक्षीचे झाड ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. विहिरीच्या काठी, मोरीच्या पाण्यावर, कोणी मुद्दाम न लावताही ते उगवते. दिवस कलला की त्याची फुले उमलतात, आणि मिऱ्यांसारखे काळे बी मुले खिशात भरून हिंडतात. या झुडपाचा एक प्रकार असा आहे की, त्याच्या हिरव्या पानांवर पांढरे पट्टे व ठिपके उठलेले असतात. अशा एकाच झाडाची एखादी फांदी सर्वस्वी हिरवी, एखादी सर्वस्वी पांढरी आणि एखादी चित्रविचित्र निघते. बागेच्या शोभेपलीकडे त्यात विशेष काही आहे असे कोणास वाटणार नाही. परंतु आनुवंशिकतेच्या शास्त्रातील एक मोठा वाद याच झाडापासून सुरू झाला, आणि तो सुटला तो मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या एका शेवाळात.

इ. स. १९०० मध्ये मेंडेलचे विस्मरणात गेलेले नियम ज्या तिघा शास्त्रज्ञांनी पुन्हा उजेडात आणले, त्यांपैकी कार्ल कोरेन्स हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एक होय. मेंडेलच्या नियमांचे मर्म असे की, अपत्याच्या ठिकाणी माता व पिता या दोघांचा वाटा सारखा असतो. उंच वाटाण्याचा पराग ठेंगण्यावर घातला काय, किंवा ठेंगण्याचा उंचावर घातला काय, फळ एकच. कोरेन्सने चित्रित गुलबक्षीवर हाच प्रयोग करून पाहिला आणि १९०९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते नियमाला सोडून होते. हिरव्या फांदीवरील फुलाच्या बियांपासून हिरवीच रोपे झाली. पांढऱ्या फांदीच्या बियांपासून पांढरी झाली व हरितद्रव्याच्या अभावी उपाशी मेली. चित्रित फांदीच्या बियांपासून तिन्ही प्रकारची झाली. पराग कोणत्या फांदीचा आणला होता याने तिळमात्र फरक पडला नाही. या एका गुणापुरते रोप सर्वस्वी मातेच्या वळणावर जात होते. पित्याचा त्यात काही संबंधच नव्हता.

पानाचा हिरवेपणा ज्या सूक्ष्म कणांत साठविलेला असतो, त्यांस हरितलवक असे म्हणतात. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करण्याचे वनस्पतीचे सारे कार्य याच कणांत चालते. ते पेशीच्या केंद्रकात नसून केंद्रकाबाहेरील द्रव्यात असतात. त्याच १९०९ साली एर्विन बाउर या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने, बागवान ज्याला जिरेनियम म्हणतात त्या पेलार्गोनियमवरील आपले प्रयोग पुढे मांडले आणि असे सुचविले की, हे हरितकण स्वतःच आपली वंशपरंपरा चालवीत असले पाहिजेत. मात्र त्याच्या झाडांत हे कण माता व पिता या दोघांकडूनही येत होते.

गुलबक्षीच्या मातृवारशाचा उलगडा त्या काळी सोपा वाटला. वनस्पतीचे बीजांड मोठे, त्यात केंद्रकाबाहेरील द्रव्य भरपूर. परागकणातून मात्र बीजांडापर्यंत जवळजवळ केवळ केंद्रकच पोहोचते. माता शिदोरीसह येते, पिता रिकाम्या हाताने येतो. मग शिदोरीतील वस्तू मातेच्याच असणार, यात नवल ते काय? हा हिशेब सर्वांस पटला, आणि पटल्यामुळेच पुढे कित्येक वर्षे तो कोणी तपासून पाहिला नाही.

तो न तपासण्यास आणखीही एक कारण होते. १९१० पासून अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन व त्याचे शिष्य यांनी फळमाशीवर जे काम केले, त्यामुळे जनुके केंद्रकातील रंगसूत्रांवर ओळीने बसलेली असतात हे सिद्ध झाले. १९३३ साली मॉर्गनला नोबेल पारितोषिक मिळाले. या यशाचा दरारा असा की, केंद्रक म्हणजे घराचा कर्ता पुरुष आणि बाहेरचे द्रव्य म्हणजे केवळ कोठार, ही समजूत दृढ झाली. जे गुण या चौकटीत बसत नव्हते, ते अपवाद म्हणून बाजूस ठेवले गेले. त्यात १९४८ साली सोव्हिएट रशियात लिसेंकोच्या मताला राजमान्यता मिळून मेंडेलचे शास्त्रच तेथे त्याज्य ठरविले गेले. अशा वेळी पाश्चात्त्य देशांत कोणी ‘केंद्रकाबाहेरही वारसा असतो’ असे म्हटले, तर त्याच्याकडे संशयाने पाहिले जावे, हे स्वाभाविकच होते.

नेमक्या त्याच १९४८ साली रूथ सेगर या तरुणीस कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. १९१८ साली शिकागो येथे जन्मलेल्या या बाईंनी तेथील विद्यापीठाची पदवी १९३८ मध्ये घेतली होती. कोलंबियात त्यांचे गुरू मार्कस ऱ्होड्स हे होते. मक्याच्या आनुवंशिकतेतील हे अधिकारी पुरुष. मक्याच्या काही वाणांत परागच वांझ निघतो, आणि हा दोष केवळ मातेकडूनच उतरतो, हे ऱ्होड्स यांनी १९३१ मध्येच दाखविले होते. तेव्हा केंद्रकाबाहेरच्या वारशाचा प्रश्न सेगर यांस गुरुगृहीच भेटला, असे म्हणावयास हरकत नाही. १९४९ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आल्या, आणि तेथे त्यांनी या प्रश्नासाठी मका, वाटाणा किंवा फळमाशी न निवडता एक शेवाळ निवडले.

त्या शेवाळाचे नाव क्लॅमिडोमोनस. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘झगा पांघरलेला एकटा जीव’ असा होतो. नाव यथार्थ आहे, कारण हा जीव एकाच पेशीचा असून तिच्याभोवती एक पातळ भिंत असते. लांबी सुमारे एक शतांश मिलिमीटर. पुढच्या बाजूस दोन केसांसारखे चाबूक, त्यांच्या योगे ते पाण्यात पोहते. आणि पोटात पेल्याच्या आकाराचा एकच मोठा हरितकण. प्रयोगशाळांत जो वाण रूढ झाला, तो गिल्बर्ट मॉर्गन स्मिथ या शैवालतज्ज्ञाने १९४५ साली मॅसॅच्युसेट्समधील ॲम्हर्स्टजवळच्या एका बटाट्याच्या शेतातील मातीतून मिळविलेला आहे. स्मिथ यांच्या संग्रहातूनच तो सेगर यांच्या हाती आला.

या निवडीत मोठे धोरण होते. हे शेवाळ अंधारातही ॲसिटेटवर वाढते. म्हणून त्याच्या हरितकणात बिघाड झाला तरी पांढऱ्या गुलबक्षीप्रमाणे ते उपाशी मरत नाही. त्याच्या नित्याच्या पेशीत प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. म्हणून कोणताही गुण दुसऱ्याच्या आड लपून राहत नाही. सेगर व त्यांचे सहकारी सॅम्युएल ग्रॅनिक यांनी असे दाखविले की, पाण्यातील नायट्रोजनयुक्त अन्न संपले की या पेशी विवाहयोग्य होतात. त्यांत दोन जाती असतात. त्यांस स्त्री-पुरुष म्हणावे तर दिसण्यात काहीच भेद नाही, म्हणून शास्त्रज्ञ त्यांस धन व ऋण म्हणतात. एक धन व एक ऋण पेशी एकत्र येऊन त्यांची एक जोडपेशी बनते. तिच्यात दोघांची केंद्रके एक होतात आणि दोघांचे हरितकणही एक होतात. पुढे जाड कवचात विश्रांती घेऊन ही जोडपेशी फुटते व तिच्यातून सामान्यतः चार अपत्ये बाहेर पडतात. ही चारही अपत्ये वेगवेगळी वाढवून त्यांचा गुण तपासता येतो. एका विवाहाचा संपूर्ण ताळेबंद हाती येतो. त्यात एकही नोंद गळत नाही.

प्रश्न राहिला तो तपासण्याजोग्या गुणाचा. येथे एक औषध कामास आले. १९४३ साली रटगर्स येथे सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शाट्झ याने स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लावला. क्षयरोगावरील पहिले खरे गुणकारी औषध म्हणून पुढे त्याचे नाव जगभर घरोघरी झाले. क्षयाच्या जंतूप्रमाणेच क्लॅमिडोमोनसलाही ते मारक ठरते. सेगर यांनी असंख्य पेशी या औषधाच्या थरावर पसरल्या. जवळजवळ सर्व मेल्या; थोड्या वाचल्या. वाचलेल्यांत दोन प्रकार आढळले. एक प्रकार दर मिलिलिटरास १०० मायक्रोग्रॅम औषध सोसणारा, तर दुसरा तब्बल ५०० मायक्रोग्रॅम सोसणारा.

पहिल्या प्रकाराचा विवाह साध्या पेशीशी लावला, तेव्हा चार अपत्यांपैकी दोन औषध सोसणारी व दोन मरणारी निघाली. मेंडेलच्या नियमाबरहुकूम दोघांचा वाटा सारखा. दुसऱ्या प्रकाराचे मात्र निराळेच. औषध सोसणारी पेशी धन जातीची असली, तर चारही अपत्ये सोसणारी निघत. ती ऋण जातीची असली, तर चारही मरत. यात विशेष हे की, त्याच चार अपत्यांत दोन धन व दोन ऋण अशी जातींची वाटणी बिनचूक होत होती. म्हणजे केंद्रकाचे काम यथास्थित चालले होते. विवाहात किंवा मोजणीत कोठे चूक नव्हती. पुढच्या पिढीत सोसणाऱ्या धन कन्यांनी तो गुण आपल्या सर्व अपत्यांस दिला. ऋण पुत्रांना तो स्वतः लाभला, पण पुढे देता आला नाही. १९५४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षाने जुना हिशेब मोडला. गुलबक्षीत बीजांड मोठे व पराग लहान होता. येथे दोन्ही पेशी आकाराने सारख्या होत्या. दोघीही आपापला हरितकण घेऊन येतात, दोघींचे हरितकण एकरूप होतात, आणि तरीही वारसा एकीचाच टिकतो. तेव्हा मातृवारसा म्हणजे शिदोरीच्या कमी-अधिकपणाचा आपोआप होणारा परिणाम नव्हे. काही तरी व्यवस्था असली पाहिजे. दोन समान वारसांपैकी एकाचा हक्क नाकारला जात असला पाहिजे. तो कोण नाकारतो, केव्हा नाकारतो आणि कसा, हे शोधण्यात पुढची अनेक दशके गेली.

आरंभी तर हा गुण हरितकणातच वसतो यालाही पुरावा नव्हता. शास्त्रीय जगाने या कामाचे स्वागत उत्साहाने केले, असेही नाही. पाठ्यपुस्तकाला छेद देणारा एक विलक्षण अपवाद, असे बहुतेकांनी मानले. सेगर यांनी १९६१ साली फ्रान्सिस रायन यांच्यासह पेशीच्या आनुवंशिकतेवर ग्रंथ लिहिला, एकामागून एक नवे गुण शोधून काढले; तथापि १९५५ पासून १९६५ पर्यंत कोलंबियात त्या संशोधन-सहकारी याच दुय्यम पदावर राहिल्या. प्राध्यापकपद त्यांस मिळाले ते १९६६ मध्ये, न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात. डॉक्टरेट मिळून तेव्हा १८ वर्षे लोटली होती.

मध्यंतरी पुरावा मात्र जमत चालला होता. १९६२ साली हान्स रिस व वॉल्टर प्लाउट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या शेवाळाच्या एका जातीच्या हरितकणात डीएनएचे धागे पाहिले. १९६३ साली सेगर व मसाहिरो इशिदा यांनी हरितकण वेगळे काढून त्यांतील डीएनए मिळविला. त्याची घनता व घटकांचे प्रमाण केंद्रकातील डीएनएहून निराळे होते. म्हणजे तो केंद्रकातून सांडलेला किंवा चुकून मिसळलेला नव्हता. हरितकणाची ती स्वतःची वहिवाट होती. आज तिचे वाचन पूर्ण झाले आहे. क्लॅमिडोमोनसच्या हरितकणातील डीएनएत सुमारे २ लाख ३ हजार जोड-अक्षरे असून, एका हरितकणात तिच्या सुमारे ८० प्रती असतात.

१९६७ मध्ये सेगर व झेंटा रामानिस यांनी आणखी एक मार्मिक प्रयोग केला. विवाहापूर्वी धन पेशीवर अतिनील किरण सोडले, तर तिची सत्ता ढळे आणि अपत्यांत दोघांचाही वारसा दिसू लागे. एरवी असे शेकड्यास एकाहूनही कमी वेळा घडत असे. किरणांनी धन पेशीतील कोणती तरी यंत्रणा बिघडत होती. अर्थात ऋणाचा वारसा नाहीसा करण्याची किल्ली धनाकडेच होती. एवढेच नव्हे, तर द्विपक्षी वारशाच्या या अपत्यांत दोन्ही हरितकणांच्या जनुकांची अदलाबदल पाहावयास मिळाली, आणि तिच्या आधारे १९७० मध्ये केंद्रकाबाहेरील जनुकांचा पहिला नकाशा काढता आला. जे अपवाद दुसऱ्या कोणी टाकून दिले असते, त्यांतूनच हा नकाशा उभा राहिला.

यानंतर प्रत्यक्ष साक्ष आली. १९७२ साली सेगर व डोरोथी लेन यांनी एका जातीस जड नायट्रोजनवर व दुसरीस साध्या नायट्रोजनवर वाढविले, म्हणजे दोघींचा डीएनए वजनाने ओळखू यावा. विवाहानंतर काही तासांनी पाहिले, तो हरितकणाचा एकच डीएनए शिल्लक. आणि तो धनाचा. खुणा उलटसुलट केल्या तरी निकाल तोच. १९८२ मध्ये जपानात त्सुनेयोशी कुरोइवा यांच्या गटाने डीएनएला चिकटून निळसर चकाकणारे रंगद्रव्य वापरले. पेशी एकत्र आल्यावर दोन्ही हरितकणांत चकाकणारे ठिपके होते. तासाभराच्या आत एका हरितकणातील ठिपके विझून गेले. हरितकण एकरूप होण्यापूर्वीच पित्याची वंशावळ पुसली गेली होती. ज्या घटनेचे सेगर यांनी १९५४ मध्ये केवळ अपत्ये मोजून अनुमान केले होते, ती आता डोळ्यांनी दिसली.

मातेचा डीएनए मात्र या संहारातून कसा सुटतो? त्यावर मेथिल नावाच्या रासायनिक गटाची मुद्रा उमटलेली असते व ती त्याचे रक्षण करते, असे सेगर यांचे मत होते. जंतू आपला डीएनए असाच खुणेने राखतात व परका कापून टाकतात. धन पेशीच्या डीएनएवर ती मुद्रा खरोखरच आढळली. पण पुढे असा एक वाण सापडला की, त्यात धन व ऋण दोघांच्याही डीएनएवर ती मुद्रा होती, आणि तरीही वारसा मातेचाच राहिला. तेव्हा एवढ्या एका खुणेवर सर्व भार टाकता येत नाही. निश्चित एवढेच की, या साऱ्या व्यवहाराची सूत्रे केंद्रकातील जनुकांच्या हाती, विशेषतः धन-ऋण ठरविणाऱ्या स्थानी, आहेत. केंद्रकास कर्ता मानणारे जुने पंडित अगदीच चुकले नव्हते, आणि सेगरही चुकल्या नव्हत्या. हरितकणाची मालमत्ता स्वतंत्र आहे. तिचा वारस कोण, हे केंद्रक ठरविते.

‘माता’ हा शब्दही येथे जपून वापरावा लागतो. ज्याच्याकडून हरितकणाचा वारसा येतो, त्या धनास माता म्हणण्याचा परिपाठ पडला, एवढेच. पेशीत श्वसनाचे कार्य करणारे तंतुकणिका नावाचे दुसरे कण असतात. त्यांनाही स्वतःचा डीएनए आहे, आणि क्लॅमिडोमोनसमध्ये तो येतो नेमका ऋणाकडून! एकाच अपत्याचा हरितवंश एकाकडून व श्वसनवंश दुसऱ्याकडून. चीडवर्गीय वृक्षांत तर हरितकण पित्याकडून येतात. तेव्हा निसर्गाचा आग्रह मातेसाठी नाही; तो बव्हंशी एकासाठी आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तद्वत् एका पेशीत दोन हरितवंश नांदू लागले तर त्यांच्यात चढाओढ लागेल, आणि तिची झळ साऱ्या पेशीस पोहोचेल. ती टाळण्यासाठी ही तजवीज असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

जंतू मारणारे औषध हिरव्या शेवाळास का बाधावे, या कोड्याचेही उत्तर याच ओघात मिळाले. स्ट्रेप्टोमायसीन हे जंतूंच्या प्रथिने बनविणाऱ्या यंत्रावर घाव घालते, आणि हरितकणातील ते यंत्र जंतूंच्याच घडणीचे आहे. कारण हरितकणाचा मूळ पुरुष हा पूर्वी स्वतंत्र राहणारा निळा-हिरवा सूक्ष्मजीव होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो दुसऱ्या पेशीत शिरला व तेथेच घरजावई होऊन राहिला. ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ मेरेझकोव्हस्की यांनी १९०५ मध्येच मांडली होती. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी तिला नवे बळ दिले. हरितकणात डीएनए सापडल्यावर तिला भक्कम पाया मिळाला. घरजावयाने आपली बहुतेक कागदपत्रे सासरच्या केंद्रकात जमा केली. काही मात्र अद्याप स्वतःजवळ ठेवली आहेत.

१९७५ मध्ये रूथ सेगर बॉस्टनला गेल्या आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी नवाच विषय हाती घेतला. कर्करोगास आवर घालणारी जनुके मानवी पेशीत कोणती, हा तो विषय. १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांस सभासद करून घेतले. १९८८ मध्ये त्याच अकादमीने शैवालविषयक संशोधनासाठी ठेवलेले पदक त्यांस दिले. ते पदक गिल्बर्ट मॉर्गन स्मिथ यांच्या नावाचे आहे. बटाट्याच्या शेतातील मातीतून ते शेवाळ प्रथम काढणारे हेच स्मिथ. १९९७ साली कर्करोगानेच सेगर यांचे निधन झाले.

गुलबक्षीची चित्रित पाने आजही संध्याकाळी परसात हलताना दिसतात. कोरेन्सने त्यांत जे पाहिले ते खरे होते. त्याचे जे कारण सर्वांनी मानले, ते मात्र पुरे पडले नाही. पटणारे कारण आणि तपासलेले कारण यांत किती अंतर असते, हे दाखविण्यास ४५ वर्षे व एक शेवाळ लागले.